लिंबू कापणारे वस्ताद आणि आपली तालीम

यंदाच्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीच्या मिरवणुकीत लाठीचं पथक होतं. वीस पोरं. पांढरे झब्बे, निळे फेटे, कमरेला शेला. डीजेच्या पुढं दोन तास पोरांनी लाठ्या गरगर फिरवल्या. एकाने दांडपट्टा चालवून रस्त्यावर आडव्या झोपलेल्या पोराच्या पोटावरचं लिंबू कापलं. लोकांनी टाळ्या पिटल्या, मोबाईलवर घेतलं, संध्याकाळपर्यंत गावाकडं पोचवलं. मीही टाळी वाजवली. खोटं कशाला बोलू.

रात्री साडेअकराला याच पथकातल्या एका पोराला नाक्यावर पाच जणांनी घेरलं. कारण काय, तर गाडीला निळा झेंडा लावला होता आणि हॉर्न दिला. पथकातली चौदा पोरं पन्नास पावलांवर वडापावच्या गाडीपाशी उभी होती. लाठ्या टेम्पोत बांधून ठेवलेल्या. त्या हातात असत्या तरी काही झालं नसतं. कारण पहिली कानफटात बसल्याचा आवाज आला आणि अर्धी पोरं पळाली, अर्धी खांबासारखी उभी राहिली. उभ्या राहिलेल्यांत मी होतो. गोदीत दिवसभर पन्नास किलोची पोती उचलणारा मी. कविता वाचताना मुठी वळणारा मी. माझे पाय हलले नाहीत.

गेली ती भाजी विकणारी मावशी. पाटी टाकून गेली आणि पोराच्या अंगावर आडवी पडली, अशी बोंब ठोकली की चार इमारतींच्या खिडक्या उघडल्या. मारणारे पळाले. मावशीने आयुष्यात कुठल्या वस्तादाकडं गंडा बांधला नव्हता.

पुढचं ऐका. पोराला घेऊन आम्ही ठाण्यावर गेलो. अंमलदाराने अदखलपात्र लिहून घेतली आणि म्हणाला, जा आता. जात काढून शिवी दिली होती, चारचौघांत दिली होती, हे आमच्यातल्या एकालाही नीट सांगता आलं नाही. दोन तास लाठी फिरवणारी पोरं अंमलदाराच्या टेबलासमोर मान खाली घालून उभी. त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यात घुसलाय. आपल्यातले दोन शहाणे त्यावर दोन बाजूंनी बोलतात, आणि दोघांशीही माझं भांडण आहे.

पहिला शहाणा म्हणतो, तुमची लाठी अस्सल नाही. यूट्यूबवर बघून शिकलेली. कोल्हापूरहून खरा वस्ताद आणा, परंपरेचे पवित्रे शिका, जुनी हत्यारं मिळवा, म्हणजे वळण लागेल. दुसरा शहाणा चळवळीत केस पिकवलेला. तो म्हणतो, हे सगळं कालबाह्य. समोर बंदूक आहे, कोर्ट आहे, निवडणूक आहे, आणि तुम्ही काठ्या काय फिरवताय? पोरांना एमपीएस्सीला बसवा.

आधी पहिल्याकडं वळू.

अस्सल, अस्सल म्हणजे कुठलं रे? कोणाच्या तालमीतलं? १८५५ साली 'ज्ञानोदया'त चौदा वर्षांच्या एका मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे तिचं नाव. मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकलेली. बाजीरावाच्या राज्यातली तालीम कशी होती ते तिने लिहून ठेवलंय. मांग-महारातला कोणी तालीमखान्यासमोरून नुसता चालत गेला तरी त्याचं मुंडकं उडवत, आणि गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू करून तलवारीने टोलवत. चौदा वर्षांची पोर हे लिहिते, कारण तिच्या घरात ते अजून विसरलेलं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते, त्यांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, ही गोष्ट आज प्रत्येक व्यायामशाळेच्या भाषणात सांगतात. ती खरी आहे. पण मुक्ताची गोष्ट त्या भाषणात का नसते? एकाच राज्यातल्या दोन गोष्टी. एक भिंतीवर फ्रेम करून लावली, दुसरी गाडून टाकली. तुला अस्सल पाहिजे तर दोन्ही घे. परंपरेचं मटण पाहिजे आणि कापलेलं कोण ते विचारायचं नाही, हे चालणार नाही.

आता दुसरी तालीम बघ. लहुजी वस्ताद साळवे, मांगाचे. बाप राघोजी १८१७ साली इंग्रजांशी लढताना पेशव्याच्या बाजूने पडला असं सांगतात. म्हणजे ज्याच्या तालीमखान्यासमोरून चालायची बंदी, त्याच्यासाठी मरायची परवानगी. हे फक्त पुण्यात नाही. केरळच्या कळरीपयट्टूचे आज सिनेमे निघतात, परदेशातून लोक शिकायला येतात. उत्तर मलबारच्या जुन्या गाथांमधले चेकवर योद्धे तिय्या जातीचे. वरच्या जातीतल्या दोन घराण्यांचं भांडण लागलं की दोन चेकवर रिंगणात उतरायचे आणि एकमेकांना मारायचे. भांडण त्यांचं, मढं यांचं. आपल्या महाराच्या हातातसुद्धा काठी होतीच की. वेसकराची घुंगुरकाठी. ती घेऊन तो गावाची वेस राखायचा, सारा पोचवायचा, रात्री हाळी द्यायचा, आणि दारोदार भाकरी मागायचा. काठी महाराची, राखण पाटलाच्या खळ्याची. १९५८ साली कायद्याने महारवतन गेलं तेव्हा कुठं ती काठी हातातून सुटली. आता कोणी म्हणतो, महारांची स्वतःची युद्धकला शोधून काढू, ती काठी पुन्हा हातात घेऊ. घे. पण घुंगरू काढून घे.

लहुजींनी बापाच्या मरणातून काय घेतलं? त्यांनी पुण्यात तालीम काढली आणि तिचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं. ब्राह्मणाची पोरं आली, माळ्याचा जोती आला. जोतिबा तिथं दांडपट्टा शिकले आणि निशाणबाजीही शिकले. निशाणबाजी म्हणजे बंदूक, हे नीट ध्यानात ठेव. त्या काळचं सगळ्यात नवं हत्यार लहुजींच्या तालमीत होतं. ते परंपरेचे संग्रहालय चालवत नव्हते. आणि पुढं १८४८ पासून जोतिबांनी शाळा काढल्या, तेव्हा मांग-महारांची पोरं शाळेत आणायला हेच लहुजी पुढं आले. पट्टा शिकवणारा हात पोरांना पाटीकडं घेऊन गेला. मी लहुजींच्या तालमीला अस्सल म्हणतो ते एवढ्यासाठी. तिथले पवित्रे कसे होते मला माहीत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

कोरेगावचा खांब घे. दर एक जानेवारीला आपण जातो, आणि २०१८ साली तिथून येणाजाणाऱ्यांवर दगड पडले, गाड्या जळाल्या, तरी पुन्हा जातो. त्या खांबावर शेवटी 'नाक' असलेली नावं कोरलेली आहेत. आपले लोक. आता सांग, १ जानेवारी १८१८ ला ते कशाने लढले? दांडपट्ट्याने? ते कंपनीच्या पलटणीतले शिपाई होते. बंदूक, संगीन, रांगेत उभं राहायची कवायत, बरोबर दोन तोफा. दिवसभर पाणी नाही, समोर कितीतरी पट फौज, आणि रांग मोडली नाही. ज्या लढाईचा आपण एवढा अभिमान धरतो ती परक्याकडून शिकलेल्या, त्या वेळी अगदी ताज्या अशा कवायतीने लढली गेली. आणि मिरवणुकीत आपण तिच्या नावाने काय फिरवतो? पेशव्याच्या फौजेकडं होतं ते. हसू नको, रडायची गोष्ट आहे.

मग हा फिरवायचा खेळ आला कुठून? १८७८ साली इंग्रजाने हत्यारांचा कायदा केला, परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरतीच बंद केली, लढवय्या जाती कोणत्या ते साहेबाने ठरवलं आणि आपण त्यात बसलो नाही. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः लष्करातले पेन्शनर, त्यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. या मधल्या काळात हत्याराचं जे होणार तेच झालं. ज्याने लढता येत नाही, त्याचा खेळ होतो. मर्दानी खेळ. नावातच कबुली आहे.

खेळाला माझा विरोध नाही. कोल्हापूरच्या पेठांतून गरिबाच्या पोरांनी घाम गाळून ही विद्या धरून ठेवली, त्यांचा मी अपमान करणार नाही. पण त्यांच्यातले जुने लोकच सांगतील, खरी तयारी फरीगदग्यात होती. हातात ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी, समोर तसाच दुसरा, आणि तो तुला खरोखर मारणार. बोथाटीत भाल्याच्या टोकाला चिंध्यांचा बोंडा बांधायचा, कारण खरंच भोसकायचं असायचं. समोरचा माणूस ऐकत नाही, तिथं विद्या तयार होते. आज काय उरलंय? एकट्याने फिरवायचं. लिंबू हलत नाही. लिंबू शिवी देत नाही. लिंबाचे चार मित्र मागून येत नाहीत.

कुस्तीचं बघ. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचं मैदान बांधलं, १९१२ साली. तिथली कुस्ती मातीतली. खाशाबा जाधव त्याच मातीतले, आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी पदक मारलं ते गादीवर. माती सुटली, कुस्ती सुटली नाही. कारण कुस्तीत रोज समोर जिवंत माणूस असतो, तो तुला रोज खोटं पाडतो. जी विद्या रोज खोटी पडायला तयार असते ती मरत नाही.

आणि ज्यांना इथलं जमत नाही ते कराटेच्या क्लासला जातात. सर सांगतात, हजारो वर्षांची विद्या. कसली हजारो? त्या नावाचा अर्थ आधी 'चिनी हात' असा होता, १९३० च्या दशकात तो बदलून 'रिकामा हात' केला. रंगीत पट्टे ज्यूडोकडून घेतले. कळरीपयट्टूसुद्धा १९२० च्या दशकात कण्णारन गुरुक्कलांनी गावोगावच्या कळऱ्यांतून गोळा करून पुन्हा उभं केलं. म्हणजे जगभर हेच. लोकांनी गरजेप्रमाणे जोडलं, तोडलं, नाव बदललं, आणि मग त्याला प्राचीन म्हटलं. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण मग आमच्याच पोरांना 'तुमचं अस्सल नाही' म्हणून का हिणवता? अस्सलपणाचा दाखला मागायची सवय ज्यांना आहे ते आमच्याकडं नेहमी कुठला ना कुठला दाखला मागतच आलेत.

गोदीतली गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. मी पहिल्या दिवशी पोतं उचललं ते पाठीने. टोळीतल्या म्हाताऱ्याने शिवी घातली. म्हणाला, दोन वर्षांत मोडशील, गुडघ्यात बस, पोतं छातीला लाव, श्वास सोडताना उठ. मग त्याने माझ्या कमरेवर हात ठेवला आणि उठवला. त्याला त्याच्या टोळीवाल्याने असंच शिकवलं होतं. एका अंगातून दुसऱ्या अंगात आलेली विद्या. तिला कोणी वारसा म्हणत नाही, तिचे फोटो काढायला कोणी येत नाही, तिला शासनाचं अनुदान नाही. पण ती चुकली तर माणूस मोडतो. ज्या शिकवणीने माणूस मोडायचा वाचतो, ती माझ्या लेखी अस्सल. बाकी नाटक कंपनी.

आता दुसऱ्या शहाण्याकडं. त्याचं मी जास्त गंभीरपणे ऐकतो, कारण त्याने मार खाल्लाय. तो विचारतो, १० जानेवारी १९७४ ला परळला पँथरच्या मोर्चात भागवत जाधवच्या डोक्यात वरून पाटा घातला, कुठल्या वस्तादाचा कुठला डाव तो पाटा अडवणार होता? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली, तिथं लाठी काय करणार होती? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरावर अख्खा जमाव चालून गेला, चार जीव गेले. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका पोराला मारून टाकलं. कुठं आणि कसली युद्धकला?

बरोबर आहे. पाट्याला उत्तर नाही, गोळीला उत्तर नाही. जो वस्ताद सांगतो की आहे, तो भोंदू. चार जणांना लोळवणारा एकटा मर्द सिनेमात असतो. पण बाबा, तुझ्या म्हणण्यातून पुढं जे निघतं ते मला मान्य नाही. तू म्हणतोस, म्हणून अंगाचं सोडून द्या आणि पुस्तक धरा. जसं काही अंग आणि पुस्तक ही दोन घरं आहेत. हेच तर मनूने केलं. एकाला डोकं दिलं, एकाला बाहू दिले, आपल्याला पाय. आपण पुन्हा तीच वाटणी करायची काय?

महाड आठव. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परत आले, आणि मांडवात जेवत असताना सवर्णांनी हल्ला केला. डोकी फुटली. बंगल्यावर बाबासाहेबांपाशी आपले लोक जमले, त्यांत लष्करातले पेन्शनर होते, पहिलं महायुद्ध बघितलेले. मनात आणलं असतं तर महाडात त्या संध्याकाळी रक्ताचा चिखल झाला असता. बाबासाहेबांनी हात आवरायला सांगितलं आणि त्यांनी आवरला. पुढं हल्लेखोरांवर खटले झाले, शिक्षा लागल्या. मी हे पुन्हा पुन्हा वाचतो. त्या रात्री ज्यांनी हात उचलला नाही त्यांच्या हातात ताकद होती. म्हणून त्याला संयम म्हणायचं. आम्ही चौदा जण नाक्यावर उभे राहिलो त्याला संयम म्हणत नाहीत. बाबासाहेबांना हा फरक माहीत होता, म्हणून त्याच महाडच्या दिवसांत समता सैनिक दल उभं राहिलं. सभेला कडं करणारी, शिस्तीत चालणारी पोरं. त्यांना कोणी प्राचीन विद्या विचारली नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. तालीम पाहिजे. आज पाहिजे, प्रत्येक वस्तीत पाहिजे. पण मिरवणुकीची नको. कोणती पाहिजे ते लिहितो, पटत नसेल तर पुढच्या अंकात मला झोडा.

एक. जोडीदाराशिवाय शिकणं बंद. समोर माणूस उभा करायचा आणि त्याने खरंच ढकलायचं, धरायचं, शिवी द्यायची. पहिली कानफटात तालमीत खाल्लेली असली की नाक्यावर पाय गोठत नाहीत. कुस्ती चालेल, बॉक्सिंग चालेल, फरीगदगा चालेल. कोणाच्या बापाचं आहे ते विचारू नका, चालतं का ते विचारा.

दोन. पोरी पाहिजेत. त्याशिवाय तालीम सुरूच करायची नाही. 'मर्दानी' हा शब्द दारावर लावायचा नाही. खैरलांजीत कोणावर काय बेतलं ते माहीत असून जो पोरींना टाळ्या वाजवायला उभ्या करतो, त्याला तालमीतून हाकला. आणि त्या रात्री पुढं कोण गेलं होतं ते मी वर लिहिलंच आहे.

तीन. एकट्याचा पराक्रम शिकवायचा नाही. पाच जणांनी एकाला मधे घेऊन कसं बाहेर काढायचं, मोर्च्याला कडं कसं करायचं, चेंगराचेंगरीत म्हातारी-पोरं कशी सोडवायची, जखमीला कसं उचलायचं, हे शिकवायचं. रांग मोडायची नाही. कोरेगावचं खरं शिक्षण हे.

चार. हात आवरायला शिकवायचं. आधी मारायचं नाही, पळणाऱ्याच्या मागं लागायचं नाही, दारू पिऊन तालमीत पाऊल टाकायचं नाही. आपल्या पोराच्या हातातली काठी आपल्याच वस्तीतल्या बाईवर उठली तर त्याला जेवढी शिक्षा गावगुंडाला तेवढी.

पाच. तालमीत वही ठेवायची. दर आठवड्याला एक दिवस तक्रार लिहायची कसरत. १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा काय म्हणतो, जातीवरून चारचौघांत केलेला अपमान कसा सांगायचा, कोणत्या शब्दात शिवी दिली ते जसंच्या तसं कसं लिहायचं, साक्षीदार कोण. २० मार्च २०१८ ला, बरोबर महाडच्या तारखेला, सुप्रीम कोर्टाने हा कायदा बोथट केला. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसं मेली, आणि त्याच वर्षी संसदेला कलम १८अ घालावं लागलं. गुन्हा नोंदवायला आधी चौकशी लागत नाही. कलम ४ सांगतं की अधिकाऱ्याने कर्तव्य टाळलं तर त्यालाही शिक्षा आहे. लिहिलेलं वाचून दाखवणं, प्रत देणं त्याच्यावर बांधील आहे. हा आपला दांडपट्टा. त्या रात्री अंमलदाराच्या टेबलासमोर एका पोराने शांतपणे 'कलम ४' एवढंच म्हटलं असतं तर त्याची पेनाची चाल बदलली असती. पण असं शांतपणे म्हणायलाही छाती लागते, आवाज कापून चालत नाही. म्हणून वही आणि व्यायाम एकाच छपराखाली.

आम्ही सुरू केलंय. बुद्धविहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी आठला, पाळी सुटली की. पहिल्या दिवशी अकरा जण आले, त्यात चार पोरी. आठवड्याने सात उरले. ज्याने लिंबू कापलं होतं तो पोरगा तिसऱ्या दिवशी आला. समोरच्या पोरीने त्याला दोनदा आपटला. तो चिडला, निघून गेला, आणि परवा परत आला. मार खाल्लेला तो पोरगाही येतो, अजून डाव्या कानाने कमी ऐकू येतं त्याला. ठाण्यात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी लिहून नेलं होतं. गुन्हा नोंदला गेला, तेविसाव्या दिवशी. तेवीस दिवस का लागले त्याची दुसरी तक्रार लिहिणं चालू आहे.

माझे पाय पुढच्या वेळी हलतील की नाही, मला माहीत नाही. तालमीत रोज कोणीतरी मला ढकलतं, आणि मी ते तपासून बघतो.

पुढच्या जयंतीला पथक निघेल. फेटे बांधायचे असतील त्यांनी बांधावेत, मी अडवणार नाही. पण मिरवणूक संपल्यावर लाठ्या टेम्पोत टाकून कोणी घरी जायचं नाही. शेवटची म्हातारी, शेवटचं पोर घरात पोचेपर्यंत पथक नाक्यावर उभं राहील. हे ज्याला कबूल आहे त्याने यावं. झब्बा घरी ठेव, वही घेऊन ये.

जय भीम.